अंगावर पांढरं जाणं: नेहमीचं कोणतं, दाखवायचं कोणतं

इंदूरच्या राजेंद्र नगरातून एका आईने विचारलं आहे. मुलगी १९ वर्षांची, कॉलेजात शिकते. पाळी २८ ते ३० दिवसांनी, नियमित. पण निकरवर रोज पांढरट डाग असतो, वाळल्यावर पिवळसर दिसतो. महिन्यातले तीन-चार दिवस तर तार सुटेल असं चिकट पाणी जातं. खाज नाही, आग नाही, वास नाही. आजी म्हणतात ही धुपणी, हिने हाडं झिजतात, म्हणून पोरीची कंबर दुखते आणि ती लवकर थकते. शेजारणीने मेडिकलवरून 'सफेद पानी का किट' आणायला सांगितलं आहे. मुलगी आता दिवसभर लायनर लावून असते. औषध द्यावं का, आणि याने पुढे मूल होण्यात अडचण येईल का?

ताई, किट आणू नका. तुम्ही जे लिहिलं आहे त्यात आजाराची एकही खूण नाही. स्राव ओला असताना पांढरा किंवा पारदर्शक असतो आणि कापडावर वाळला की पिवळट पडतो. त्यामुळे वाळलेल्या डागावरून रंग ठरवायचा नसतो, ओला असताना पाहायचा. काळ्या किंवा गडद निकरचा मधला भाग उडाल्यासारखा फिकट होतो, त्यानेही बऱ्याच आया घाबरतात. तो रंग योनीतल्या आम्लाने उडतो, आणि ते आम्ल तिथे असायलाच हवं.

हे पाणी येतं कुठून? योनीच्या भिंतीत ग्रंथी नसतात. भिंतीतून थोडं पाणी पाझरतं, गर्भाशयाच्या तोंडातल्या ग्रंथी चिकट स्राव सोडतात आणि भिंतीवरच्या जुन्या पेशी रोज गळून त्यात मिसळतात. वयात आल्यावर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे या पेशींमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर साठते. दही लावणाऱ्या जीवाणूंचे भाऊबंद, म्हणजे लॅक्टोबॅसिलस, त्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे योनीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३.८ ते ४.५ इतका आंबट राहतो आणि बाहेरून आलेले बहुतेक जंतू तिथे तग धरत नाहीत. रोज जे अंगावर जातं ते या साफसफाईचं पाणी आहे. डोळ्यातलं पाणी डोळा ओला ठेवतं, तसंच हे. पूर्ण बंद झालं तर ती काळजीची गोष्ट.

प्रमाण साधारण दिवसाला १ ते ४ मिली. चहाचा छोटा चमचा ५ मिलीचा असतो, म्हणजे चोवीस तासांत एक चमचाही भरत नाही. तेही जवळजवळ सगळं पाणीच. त्यातून हाडं झिजतील इतका कॅल्शियम किंवा अंगातली ताकद जाईल इतकं प्रथिन बाहेर पडू शकत नाही. आजींचं म्हणणं मात्र उडवून लावू नका, कारण पोरगी थकते हे त्यांनी बरोबर हेरलं आहे. फक्त कारण दुसरीकडे शोधायचं. देशभरच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणून मुलीचा सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. कमी निघालं तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यायची, आणि गोळीच्या आगेमागे तासभर तरी चहा नको. मालवी घरात चहा दिवसातून चार वेळा होतो आणि लोह अंगी न लागण्याचं ते एक मोठं कारण आहे. कंबरदुखीसाठी तिची बसण्याची पद्धत, व्यायाम आणि पाळीच्या तारखा पाहा. आणि एक गोष्ट मी फार गांभीर्याने सांगते आहे. "तुझ्या अंगातलं सत्त्व चाललंय" असं ज्या मुलीला रोज ऐकावं लागतं, तिला खरोखर थकवा जाणवू लागतो. हे घरात बोलणं थांबवा.

तांदळाचं धुवण आजी प्यायला देत असतील तर त्याने बिघडणार काही नाही. त्याने आत धुणं मात्र नको.

आता ते तार सुटणारं पाणी. पाळी संपली की दोन-तीन दिवस जागा कोरडी वाटते. मग थोडा चिकट, पांढरा स्राव सुरू होतो, तो हळूहळू लोशनसारखा सैल होतो. अंडं सुटायच्या सुमाराला तो काचेसारखा पारदर्शक, निसरडा होतो. दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर एकतारी पाकासारखी तार निघते, कधी सात-आठ सेंटिमीटरही. अंडं सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात १४ व्या दिवसाच्या आसपास, ३० दिवसांच्या चक्रात १६ व्या. तुमच्या मुलीचे 'तीन-चार दिवस' तेच आहेत, कॅलेंडरवर खुणा करून ताडून पाहा. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन वाढतं, स्राव घट्ट, दुधाळ आणि कमी होतो. पाळीच्या आदल्या दिवशी तपकिरी छटा आली तर तीही पाळीचीच सुरुवात.

मूल होण्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. याच निसरड्या स्रावातून पुरुषबीज गर्भाशयात शिरतं. एरवीचा घट्ट स्राव त्याला अडवतो. हे पाणी जाणं म्हणजे अंडं तयार होत असल्याची खूण आहे, अडचणीची नाही.

वयानुसार हे बदलत जातं. नवजात मुलीच्या अंगावर पहिल्या काही दिवसांत पांढरं, कधी रक्ताचा ठिपका दिसतो, तो आईच्या हार्मोनमुळे. पहिली पाळी येण्याच्या सहा महिने ते वर्षभर आधी पांढरं जायला लागतं आणि आया तेव्हाच घाबरतात. गरोदरपणात प्रमाण वाढतं. बाळंतपणानंतर तीन-चार दिवस लाल, मग आठवडाभर गुलाबी-तपकिरी, मग पिवळट-पांढरं असं चार ते सहा आठवडे जाऊ शकतं. कॉपर टी बसवल्यावर किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवरही फरक पडतो. म्हणून "किती गेलं म्हणजे जास्त" याचं एकच माप नाही. तिचं स्वतःचं नेहमीचं काय ते ओळखायचं, आणि ते बदललं की लक्ष द्यायचं.

कोणता बदल कशाचा, हे नीट समजून घ्या, कारण चुकीची औषधं इथेच घेतली जातात.

सगळ्यात ओळखीचा म्हणजे बुरशीचा संसर्ग, कॅन्डिडा. स्राव फाटलेल्या दुधासारखा गुठळीदार, भिंतीला चिकटलेला, वास जवळजवळ नाही, पण खाज अशी की रात्री झोप मोडते. बाहेरची त्वचा लाल होते, सुजते, लघवी तिथून गेली की चरचरते. त्या चरचरीला लघवीचा संसर्ग समजून अँटिबायोटिक घेतलं की लॅक्टोबॅसिलस मरतात आणि बुरशी आणखी फोफावते. खात्री झाल्यावर फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी, किंवा रात्री योनीत ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी, ५०० ची एकदा किंवा १०० ची सहा रात्री. गरोदरपणात फ्लुकोनाझोल तोंडाने घ्यायचं नाही. वर्षातून तीन-चार वेळा हा त्रास झाला तर मलमं बदलत बसू नका, रक्तातली साखर तपासा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.५ किंवा त्याहून जास्त आली, तर मूळ दुखणं मधुमेह आहे, आणि साखर ताब्यात येईपर्यंत खाज परत परत येणार.

दुसरा प्रकार त्याच्या अगदी उलट. खाज नाहीच किंवा नावाला, स्राव पातळ, करडा-पांढरा, एकसारखा, आणि वास. पुस्तकात 'मासळीसारखा वास' लिहिलेलं असतं, पण शाकाहारी घरातल्या बाईला ते सांगून कळत नाही. असं विचारलं तर कळतं: पाळीनंतर, संबंधानंतर किंवा साबणाने धुतल्यावर तो कुबट वास वाढतो का? वाढत असेल तर हा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे चांगले जीवाणू कमी होऊन दुसरे जंतू वाढणं, असण्याची शक्यता मोठी. रक्ताचा पीएच ७.४, वीर्याचा ७ च्या वर, साबणही अल्कधर्मी. आंबटपणा कमी झाला की त्या जंतूंनी बनवलेली अमाइन नावाची द्रव्यं हवेत सुटतात आणि वास येतो. म्हणूनच वास घालवायला जास्त साबण वापरणारी बाई तो वाढवत असते. उपचार मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की गोळ्या सोडल्या जातात. तिथेच तो परततो. सातही दिवस पूर्ण करायचे, आणि त्या दिवसांत दारू नको.

ट्रायकोमोनास हा संबंधांतून पसरतो. पिवळट-हिरवा, कधी फेसाळ स्राव, वास, आग, संबंधाच्या वेळी दुखणं. इथे नवऱ्याचा उपचार त्याच वेळी व्हायला हवा, त्याला काही त्रास नसला तरी. आणि दोघांचा कोर्स संपून त्रास थांबेपर्यंत संबंध नकोत. एकटीने सात दिवस गोळ्या खाल्ल्या तर आठव्या दिवशी तोच जंतू परत मिळतो.

क्लॅमिडिया आणि गोनोरिया हेही संबंधांतूनच पसरतात. ते गर्भाशयाच्या तोंडाशी बसतात आणि अनेकदा गप्प असतात. स्राव थोडासाच, पण पूसारखा पिवळा, संबंधानंतर रक्ताचा डाग, ओटीपोटात बारीक दुखणं. संसर्ग वर चढला तर गर्भनलिका आतून चिकटतात. 'मूल होण्यात अडचण' ही भीती खरी आहे ती या आजारांबाबत, रोजच्या पांढऱ्या पाण्याबाबत नाही.

आता तुमच्या शेजारणीचं किट. काउंटरवरून मिळणाऱ्या अशा पाकिटात बहुधा फ्लुकोनाझोल, ॲझिथ्रोमायसिन आणि सेक्निडाझोल एकत्र असतं, म्हणजे बुरशी, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास तिन्हींवर एकदम मारा. निरोगी मुलीने ते घेतलं तर तिचे चांगले जीवाणू कमी होतात आणि पुढे खरीच खाज सुरू होऊ शकते. मग घरचे म्हणतात, बघा, आजार होताच. बुरशी असलेल्या बाईला नको ती दोन अँटिबायोटिकं जातात. गोनोरिया असेल तर अर्धवट औषधाने लक्षण दबतं आणि आजार राहतो. सरकारी दवाखान्यातही रंगीत किटं असतात. योनिस्रावासाठीचं हिरवं, दोन नंबरचं, त्यात सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम. पण ते विचारपूस आणि तपासणी करून, नवऱ्याचा विचार करून, परत बोलावण्याची तारीख देऊन दिलं जातं. दवा बाजारातून पन्नास रुपये वाचवून आणलेल्या पाकिटाबरोबर यातलं काहीच येत नाही.

तपासणीची लग्न न झालेल्या मुलींच्या घरी फार धास्ती असते, म्हणून स्पष्ट लिहिते. जिचे संबंध आलेले नाहीत तिच्या योनीत स्पेक्युलम (आतलं पाहायला योनी उघडी धरणारं उपकरण) घालायचं काही कारण नसतं. बाहेरची त्वचा पाहतात, गरज पडली तर बारीक कापसाच्या काडीने दाराशीच नमुना घेतात, आणि सोनोग्राफी पोटावरून, लघवी भरलेली असताना करतात. नमुन्यावर पीएचची पट्टी टेकवणं, सलाईनच्या थेंबात आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात स्लाइड पाहणं, एवढ्यात बुरशी, ट्रायकोमोनास आणि व्हजायनोसिस बहुतेक वेळा वेगळे ओळखता येतात. हे काम काही मिनिटांचं आणि स्वस्त आहे, ते न करता औषध लिहून मिळालं तर तपासणीचा आग्रह धरा. जायच्या आधी दोन दिवस योनीत मलम किंवा गोळी ठेवायची नाही, आत धुवायचं नाही, आणि पाळीचे दिवस टाळायचे. शिवाय ताई, मुलगी १९ वर्षांची आहे. डॉक्टर तुम्हाला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगतील, तेव्हा बाहेर बसा. त्या पाच मिनिटांत जे विचारायचं असतं त्याचं खरं उत्तर आईसमोर येत नाही, आणि औषध त्या उत्तरावर ठरतं.

स्वच्छतेचं थोडक्यात, पण लायनरवर थांबते. दिवसभर लावलेला लायनर खालच्या प्लास्टिकने घाम अडवतो, त्वचा ओली राहते, सुगंधी असेल तर खाजही सुटते. मग खाजेला आजार समजलं जातं. तो बंद करा आणि कॉटनच्या दोन-तीन निकर जास्त घ्या, दुपारी एक बदलली तरी पुरे. पावसाळ्यात निकर ओढणीखाली किंवा बाथरूमच्या दांडीवर कोपऱ्यात वाळत घालायची पद्धत आपल्या घराघरात आहे. तिथे त्या दमटच राहतात. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा आणि मगच वापरा. नवरात्रात रात्री बारापर्यंत गरबा खेळून आल्यावर घामाची लेगिंग अंगावर ठेवून झोपायचं नाही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवायचा, शी झाल्यावर पुढून मागे. आत पाण्याचा फवारा, तुरटी, डेटॉल, दही, कडुनिंबाचा काढा, सुगंधी वॉश यातलं काहीही नको. आतली जागा स्वतःला स्वतः धुते. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, डाग कमी असला तरी.

आता थांबायचं नाही असे प्रसंग. ओटीपोटात दुखतंय, ताप १०० च्या वर आहे आणि घाण वासाचा स्राव जातोय, तर त्याच दिवशी. बाळंतपण किंवा गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या आत वास मारू लागला, तर तेव्हाही त्याच दिवशी. गरोदर बाईला अचानक पाण्यासारखं जायला लागलं, पॅड भिजतंय आणि थांबत नाही, तर पाणमोट फुटली असू शकते; रात्र असली तरी निघायचं. पाळी सुरू न झालेल्या लहान मुलीला वासाचा किंवा रक्ताळ स्राव असेल तर आत एखादी वस्तू, बहुधा टिशूचा किंवा कापसाचा तुकडा, अडकलेला असू शकतो. आणि तिच्याशी कुणी वाईट वागलं आहे का, हेही डॉक्टरांना शांतपणे पाहावं लागतं. टॅम्पॉन (पाळीत योनीत ठेवायची कापसाची गुंडाळी) आत विसरला गेला तर दोन-तीन दिवसांत सहन न होणारा वास येतो, काढला की बहुतेकदा संपतं. संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये वारंवार डाग, किंवा पाण्यासारखा, घाण वासाचा, गुलाबी स्राव महिनाभर, हे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचंही लक्षण असू शकतं. त्याला 'सफेद पानी' म्हणून गोळ्या घेत राहण्यात जे महिने जातात, ते परत मिळत नाहीत.

तुमच्या मुलीसाठी सध्या एवढंच: सीबीसी, लायनर बंद, दोन पाळ्यांची नोंद. तिने रोज दोन शब्द लिहायचे, स्राव कसा आणि खाज-वास आहे की नाही. याच निमित्ताने एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूविरुद्धची, लस घ्या. २०२३ पासून पुण्यात बनलेली भारतीय लस, सर्व्हाव्हॅक, मिळते. १५ वर्षांनंतर तिचे तीन डोस असतात: आज, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी.

आणि घरातल्या बाकी दोघींसाठी. तुमचं वय ३० च्या वर असणारच. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधी झालेली नसेल तर करून घ्या. सरकारी केंद्रांत ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए करतात: ५ टक्के ॲसेटिक आम्ल लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा चट्टा उठतो का ते पाहतात. इंदूरमध्ये एम. वाय. या सरकारी हॉस्पिटलमध्ये विचारा. आजींच्या वयात इस्ट्रोजेन कमी झाल्याने पीएच ५ च्या वर जातो, जागा कोरडी होते, थोडी आग होते आणि त्यावर लावायचं मलम मिळतं. पण पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर गुलाबी किंवा तपकिरी डाग एकदाही दिसला तर सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर मोजून घ्यायचं. ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर, किंवा बारीक असूनही डाग परत दिसला तर, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. असा डाग दिसला असला तरी आजींनी ते तुम्हाला आपणहून सांगितलेलं नसेल, कारण त्या पिढीत असं सांगत नाहीत. आज विचारून घ्या.